अल्फा-(ईटी)२आय३ : एका रेणवीय अर्धधातूची वाहकता मोजताना

८ जानेवारी २०२४

पदार्थ ठरला : अल्फा-(ईटी)२आय३. ईटी म्हणजे बीईडीटी-टीटीएफ, गंधकाचे आठ अणू असलेला चपटा सेंद्रिय रेणू. दोन ईटी रेणूंमागे एक ट्रायआयोडाइड आयन (आयोडीनचे तीन अणू, एक ऋण प्रभार), म्हणून प्रत्येक ईटीवर सरासरी अर्धा धन प्रभार. ईटीचे थर आणि आयोडीनचे थर आलटून पालटून. वीज वाहते ती फक्त ईटीच्या थरांतून.

टीटीएफ-टीसीएनक्यूचा विचार झाला होता. १९७३पासूनचा नावाजलेला सेंद्रिय वाहक, आणि बनवायला सोपा : दोन द्रावणे संथपणे एकमेकांत मुरू द्यायची. पण त्याचे धातूपण मोडते ५४ केल्विनला आणि आपल्याकडे आहे फक्त द्रव नायट्रोजन, म्हणजे ७७ केल्विन. नेमकी बघण्यासारखी गोष्टच हाताबाहेर राहिली असती. अल्फा-(ईटी)२आय३ चे संक्रमण १३५ केल्विनला आहे, नायट्रोजनच्या देवारमध्ये (उष्णतारोधक भांड्यात) आरामात दिसते.

तो अर्धधातू का, हे वहीत एकदाच मांडून ठेवतो. एकक कोशिकेत चार ईटी रेणू, म्हणून चार ऊर्जापट्टे आणि इलेक्ट्रॉनांना आठ जागा. चार रेणूंवर मिळून +२ प्रभार, म्हणून इलेक्ट्रॉन सहा. तीन पट्टे पूर्ण भरतात, चौथा रिकामा. हिशोबाने हा विद्युतरोधक व्हायला हवा. पण तिसऱ्या पट्ट्याचा माथा आणि चौथ्याचा तळ एकमेकांना भिडतात, तेव्हा थोडे इलेक्ट्रॉन वर जातात आणि तेवढीच होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) खाली उरतात. वाहतूक या दोघांच्या जिवावर चालते.

१५ जानेवारी

टेट्राब्युटिलअमोनियम ट्रायआयोडाइड बनवले. आयोडाइड ३.६९ ग्रॅम, आयोडीन २.५४ ग्रॅम, दोन्ही ०.०१ मोल, गरम इथेनॉलमध्ये. थंड झाल्यावर गर्द तपकिरी स्फटिक, गाळून वाळवले. पुनर्स्फटिकीकरण या वेळी केलेले नाही.

स्फटिक ॲनोडवर विजेने वाढवायचे, त्यासाठी भोसरीच्या काचकाम करणाऱ्याकडून तीन एच-सेल (एच अक्षराच्या आकाराची काचेची भांडी) आल्या. प्रत्येक बाजू २० मिली, मधे जी-४ सच्छिद्र काच. एका सेलची मधली काच कडेला नीट सांधली गेली नव्हती. एका बाजूत शाईचे पाणी भरले तर दहा मिनिटांत दुसरी बाजू रंगली. परत पाठवली. ही चाचणी प्रत्येक नव्या सेलवर करायची, नाहीतर कॅथोडकडचा कचरा स्फटिकांपर्यंत पोचतो आणि कारण शोधण्यात महिना जातो.

इलेक्ट्रोड : १ मिमी जाडीची प्लॅटिनम तार, १० मिमी द्रावणात बुडेल अशी. १ मोलर सल्फ्युरिक आम्लात ध्रुव उलटसुलट करून साफ केली, ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मग ॲसिटोनने धुतली, शेवटी ज्योतीत लाल केली.

१८ जानेवारी

स्थिर विद्युतप्रवाहासाठी महागडा स्रोत नको. ९ व्होल्टची बॅटरी आणि एकसर ८.२ मेगओहम. सेलवर साधारण ०.८ व्होल्ट पडतात, उरलेले ८.२ रोधावर, म्हणजे प्रवाह १ मायक्रोअँपिअर. सेलचे व्होल्टेज ०.२ने हलले तरी प्रवाह अडीच टक्केच बदलतो. शिवाय वीज गेली तरी सेल चालूच राहते. बॅटरीवरचा भार नगण्य. पाहणीसाठी एकसर १० किलोओहम जोडला आहे, त्यावर १० मिलीव्होल्ट दिसले की प्रवाह बरोबर. सुटे भाग पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून, सगळे मिळून दीडशे रुपयांच्या आत.

मेगओहमच्या मंडलात बोटाचा घाम आणि सोल्डरचा फ्लक्स हेच मोठे शत्रू. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुतले.

२२ जानेवारी

सेल १ आणि २ लावल्या. प्रत्येकीत ॲनोडच्या बाजूला १० मिग्रॅ ईटी, ट्रायआयोडाइड १०० मिग्रॅ दोन्ही बाजूंत वाटून. विद्रावक टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), सोडियम-बेंझोफिनोनवरून नुकताच ऊर्ध्वपातित केलेला, पेरॉक्साइडची पट्टी कोरी. ईटी पटकन विरघळत नाही, ४० अंशांवर हलवत ठेवावे लागते. आधी दहा मिनिटे आर्गॉन सोडला. सेलला ॲल्युमिनियम फॉइल.

फॅरडेचा हिशोब : १० मिग्रॅ ईटी म्हणजे २६ मायक्रोमोल. दोन ईटीमागे एक इलेक्ट्रॉन, म्हणून १३ मायक्रोमोल, म्हणजे १.२५ कूलोम. १ मायक्रोअँपिअरने सगळे ईटी संपायला साडेचौदा दिवस लागतील. शेवटपर्यंत जायचे नाही. ईटी विरळ झाले की शेवटी येणारा माल चांगल्या स्फटिकांवर बुरशीसारखा चढतो. आठव्या दिवशी थांबायचे.

२३ जानेवारी

सेल १ बाद. तळाला काळी पूड, इलेक्ट्रोड जवळपास कोरा. प्रवाह मात्र बरोबर होता. म्हणजे ऑक्सिडेशन इलेक्ट्रोडवर झालेलेच नाही, द्रावणातच झाले. ट्रायआयोडाइडच्या मिठात मोकळे आयोडीन राहिले असणार, तेच ईटीला खाते. चिमूटभर मीठ हेक्झेनमध्ये हलवून पाहिले. हेक्झेन जांभळे झाले. ट्रायआयोडाइड हेक्झेनमध्ये उतरत नाही, म्हणून हा रंग मोकळ्या आयोडीनचाच.

सगळे मीठ इथेनॉलमधून दोनदा पुनर्स्फटिक केले, थंड हेक्झेनने धुतले. आता हेक्झेन बिनरंगी. सेल २ मध्येही जुनेच मीठ होते. तीही मोडली.

२५ जानेवारी

नव्या मिठाने सेल ३ आणि ४.

२७ जानेवारी

पहाटे दोन्ही सेलच्या तळाशी नारिंगी सुया, दुपारी दोनपर्यंत अर्ध्या गायब. हे शुद्ध ईटी आहे, थंडीने बाहेर पडणारे. पुण्यात या दिवसांत पहाटे १२ आणि दुपारी ३० अंश. एवढा झोका खोलीत पूर्ण येत नसला तरी आठ-दहा अंश येतोच. ईटी बाहेर पडले की द्रावण विरळ, परत विरघळले की दाट, आणि ॲनोडवरचा स्फटिक कधी उपाशी तर कधी खा-खा करतो. अशा स्फटिकावर पायऱ्या दिसतात.

उपाय : थर्माकोलची पेटी, तिच्यात सेलच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे पाण्याने भरलेले कॅन. पेटीखाली वाळूचा ट्रे, रस्त्यावरच्या ट्रकची थरथर तो गिळतो. आतला झोका आता दीड अंश. एअर कंडिशनरपेक्षा हे बरे. तो चालू-बंद होताना झोतही देतो आणि कंपनेही.

२ फेब्रुवारी

आठ दिवस झाले, दोन्ही थांबवल्या. ॲनोडवर काळपट, पितळी चमकेचे पातळ पत्रे. सर्वांत मोठा १.२ × ०.६ मिमी. ईटी निम्म्याहून थोडे जास्त खर्ची पडले, म्हणून दर सेलमागे माल ८ मिग्रॅच्या आसपास मिळायला हवा होता. मिळाला ५. बाकीचा तारेला चिकटलेल्या चुऱ्यात आहे.

खरवडायचे नाही. तार इथेनॉलमध्ये बुडवून बारीक ब्रशने हलकेच टिचकी मारली की पत्रे गळतात. इथेनॉलने चिकटलेले मीठही धुऊन जाते. पुढची उचल-ठेव खराट्याच्या हिराच्या टोकाला पापणीचा केस चिकटवून करायची. चिमट्याने धरलेला पत्रा थरांच्या सांध्यात सोलला जातो. डोळ्याला दिसत नाही, मापात दिसतो.

८ फेब्रुवारी

निवड. याच द्रावणातून बीटा प्रकारही (तेच घटक, रचना वेगळी) येतो, तोही चमकदार काळा. बीटा जास्त जाड आणि समभुज चौकोनी, अल्फा रुंद आणि पातळ. पण नुसत्या आकारावर विश्वास ठेवायचा नाही. पत्रे काचेवर सपाट ठेवून एक्स-रे घेतला. थरांमधले अंतर अल्फात सुमारे १७ अँगस्ट्रॉम, बीटात सुमारे १५. तांब्याच्या किरणाने दुसरी रेषा अल्फासाठी १०.४ अंशांच्या जवळ, बीटासाठी ११.७. वीस पत्र्यांत सोळा अल्फा, तीन बीटा, आणि एकात दोन्ही रेषा. तो शेवटचा दिसायला सर्वांत देखणा होता.

१४ फेब्रुवारी

कॉन्टॅक्ट. सोन्याची १५ मायक्रॉनची तार, कार्बन पेस्ट. चांदीची पेस्ट सोपी, पण स्फटिकात आयोडीन आहे आणि चांदी आयोडीनला मिळाली की सिल्व्हर आयोडाइड होते. शंका नको म्हणून एका नमुन्यावर दोन्ही लावून पाहिले. पहिल्या दिवशी चांदीचा कॉन्टॅक्ट ८ ओहम, कार्बनचा २० ओहम. सहाव्या दिवशी चांदीचा १४०, कार्बनचा २२. कार्बनच.

मोजमापात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट जागेची आहे. थर ओलांडतानाची रोधकता थरांच्या आतल्या आत वाहतानाच्या रोधकतेच्या सुमारे हजारपट. पत्रा ३० मायक्रॉन जाड असला तरी थर ओलांडणाऱ्या प्रवाहाला तो हजाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ३२ पट जाड भासतो, जवळजवळ १ मिमी. प्रोबमधले अंतर ०.४ मिमी. वरच्या पृष्ठावर चार ठिपके दिले तर प्रवाह वरच्या थरांतूनच पळतो, खालचे थर नुसते बसून राहतात, आणि काढलेली रोधकता खऱ्यापेक्षा जास्त येते. म्हणून प्रवाहाचे दोन्ही कॉन्टॅक्ट बांगडीसारखे कडेवरून खालपर्यंत गुंडाळायचे, सगळे थर पकडून. व्होल्टेजचेही कडेला टेकवायचे.

पेस्ट खोलीच्या तापमानाला रात्रभर वाळवायची.

२० फेब्रुवारी

नमुना ४-क. लांबी ०.४ (व्होल्टेज प्रोबमध्ये), रुंदी ०.६, जाडी ०.०३ मिमी. ३०० केल्विनला १०० मायक्रोअँपिअरने +२७१ आणि प्रवाह उलटवून −२६३ मायक्रोव्होल्ट. सरासरी २६७, म्हणजे २.६७ ओहम. फरकातले ४ मायक्रोव्होल्ट सोने-तांबे सांध्यांच्या तापमानफरकाचे. प्रवाह एकाच दिशेने सोडला असता तर दीड टक्क्याची चूक चुपचाप आत आली असती.

रोधकता ०.०१२ ओहम-सेमी, वाहकता ८३ सीमेन्स प्रति सेमी.

थंड करायला घेतले, २१० केल्विनला रोध २.५ वरून एकदम ३.४. नंतर १८०ला आणखी एक उडी. परत गरम केले तर खोलीच्या तापमानाला ४.१. संक्रमण असते तर परतीच्या वाटेवर रोध मूळ जागी आला असता. ही चीर आहे. कारण : पत्रा व्हॅक्यूम ग्रीसने तांब्याच्या ठोकळ्यावर टेकवला होता. ग्रीस गोठते आणि स्फटिकापेक्षा वेगळ्या प्रमाणात आकसते. पत्र्याला ताण सोसत नाही.

२८ फेब्रुवारी

नमुना ४-ग, मापे जवळजवळ तीच. ग्रीस नाही. पत्रा चार तारांवर पाळण्यासारखा टांगला, प्रत्येक तार ३ मिमी, थोडा झोळ ठेवून. डब्यात कोरडा हेलियम. तीन वेळा उपसून भरला, नाहीतर हवेतले बाष्प कॉन्टॅक्टवर दहिवरते. थंडावण्याचा वेग मिनिटाला अर्धा केल्विन. तापमापक पीटी-१०० (प्लॅटिनमचा रोध), पत्र्यापासून २ मिमीवर. १३५ केल्विनला त्याचा रोध ४४.६ ओहम असायला हवा, तो आकडा समोर चिकटवून ठेवला आहे.

३०० केल्विनला २.६७ ओहम. २५०ला २.६०, २००ला २.५३, १५०ला २.५०. जवळजवळ सपाट. १४०ला २.९. १३५च्या खाली काटा धावतच सुटला : १३०ला ६०, १२०ला ३००, ११०ला ९००, ९०ला २.८ किलोओहम, ८०ला ६. परतीच्या वाटेवर ३००ला २.६९. चीर नाही.

१३५च्या खाली ईटी रेणूंवरचा प्रभार समान राहत नाही. काहींवर सुमारे ०.८, काहींवर ०.२ ते ०.३, आणि त्यांच्या रांगा आखल्या जातात. भिडलेले ऊर्जापट्टे अलग होतात, अंतर उघडते. ११० ते ८० केल्विनमधल्या उतारावरून सक्रियण ऊर्जा ५५० केल्विनच्या घरात, म्हणजे ४८ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट.

१ मार्च

८० केल्विनचा आकडा पुन्हा तपासला. १० मायक्रोअँपिअरने ६.० किलोओहम, १००ने ५.५. स्फटिक अरैखिक आहे, म्हणजे ओहमचा नियम पाळत नाही, असे लिहायचा मोह होतो. आधी उष्णतेचा हिशोब. १०० मायक्रोअँपिअर आणि ६ किलोओहम म्हणजे ६० मायक्रोवॅट. सोन्याच्या चार तारांतून उष्णता बाहेर जाते, मिळून केल्विनमागे साधारण ७५ मायक्रोवॅट. पत्रा ०.८ केल्विन गरम. या तापमानाला रोध केल्विनमागे ८.७ टक्के पडतो, म्हणून ७ टक्के घट नुसत्या उष्णतेची. दिसली ८. उरलेला टक्का प्रवाहाने कॉन्टॅक्टमध्ये होणाऱ्या उष्णतेचा. नवे भौतिकशास्त्र नाही.

नियम : १३०च्या खाली १० मायक्रोअँपिअर, १००च्या खाली १.

११ मार्च

नमुना ४-च १३५ला उडी मारत नाही. ८० केल्विनपर्यंत रोध घटतच जातो. एक्स-रेने तो आधी अल्फा ठरवलेला होता. शोध घेतल्यावर कळले, पेस्ट लवकर वाळावी म्हणून तो हॉटप्लेटवर ठेवला होता आणि जोडून आलेल्या सुट्यांत प्लेट ७५ अंशांवर तीन दिवस चालूच राहिली. अल्फा प्रकार ७५ अंशांच्या आसपास दिवसेंदिवस तापवला की घन अवस्थेतच बीटासारख्या रचनेत बदलतो. तो प्रकार ८ केल्विनला अतिवाहक होतो, म्हणून काही प्रयोगशाळा हे मुद्दाम करतात. आपल्याला नको आहे. पुन्हा एक्स-रे : मुख्य रेषा सरकलेली.

हॉटप्लेटवर चिठ्ठी लावली : ईटीचे नमुने ठेवू नयेत.

४ एप्रिल

सपाट रेषेचा अर्थ. ३०० ते १५० केल्विनमध्ये रोध सहा टक्केच बदलला. तांब्याचा निम्म्याच्याही खाली आला असता. म्हणून 'गलिच्छ धातू' म्हणून पुढे जाणे सोपे आहे, आणि चूक. वाहकता हा गुणाकार आहे : वाहकांची संख्या गुणिले त्यांची चलनशीलता. अर्धधातूत थंडीबरोबर वाहक कमी होतात आणि उरलेले चपळ होतात. एक घटते, दुसरे वाढते, गुणाकार जागच्या जागी. हे टोकाला कसे जाते ते जपानी गटांच्या मोजमापांत दिसते. सुमारे १.५ गिगापास्कलच्या वर दाबले की प्रभारांची रांग मोडते, ऊर्जापट्टे एका बिंदूला भिडून तिथे शंकूच्या आकाराचे होतात, त्यांना डिरॅक शंकू म्हणतात. मग ३०० ते २ केल्विन रोधकता जवळपास सपाट, पण आत वाहक सुमारे दहा लाख पटींनी घटलेले आणि चलनशीलता तितकीच चढलेली.

एक पडताळणी आपल्या आकड्यांनीही होते. रोधकतेला थराच्या जाडीने भागले : ०.०१२ भागिले १.७ × १०⁻⁷ सेमी, दर थराचा पृष्ठरोध ७१ किलोओहम. रोधाचे क्वांटम माप, प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनप्रभाराचा वर्ग, म्हणजे २५.८ किलोओहम. पावणेतीन पट, म्हणजे श्रेणी तीच. दाबाखाली हा आकडा २५.८च्या जवळ येतो.

आपल्या ७१मध्ये मोठी शंका जाडीची. सूक्ष्मदर्शकाखाली कडेने ३० अधिक-उणे ५ मायक्रॉन, म्हणजे १७ टक्के. वजनावरून काढावी तर घनता २.२६ धरून हा पत्रा ४९ मायक्रोग्रॅम. आपल्या तराजूचा शेवटचा आकडाच १०० मायक्रोग्रॅमचा. सोनार हसेल. तोवर निरपेक्ष वाहकता दोन सार्थ अंकांच्या पुढे लिहायची नाही. रोधांची गुणोत्तरे मात्र तीन अंकांपर्यंत खरी, त्यांत जाडी येतच नाही.

१८ एप्रिल

हॉल मापनाचा, म्हणजे चुंबकक्षेत्रात प्रवाहाला आडवे उभे राहणारे व्होल्टेज मोजण्याचा, अंदाज. खोलीच्या तापमानाला वाहक घन-सेमीत १०²¹ धरले तर १ मिलिअँपिअर, १ टेस्ला आणि ३० मायक्रॉन जाडीत हॉल व्होल्टेज ०.२ मायक्रोव्होल्ट. इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांचा परिणाम खोडतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. प्रोब समोरासमोर एक टक्का चुकले तर रोधाचेच २७ मायक्रोव्होल्ट त्यात मिसळतात, शंभर पटींहून जास्त. चुंबकक्षेत्र उलटवून वजाबाकी करावी लागेल. इथे सपाट रेषा उपयोगी पडते : त्या मिसळीचे सरकणे केल्विनमागे १४ नॅनोव्होल्टच, तापमान ०.१ केल्विनला धरले की पुरे. १४०च्या खाली हा आधार सुटतो.

१९ जून

पावसाळी दमटपणा. सेल ५च्या १० किलोओहमवर १०ऐवजी १३ मिलीव्होल्ट. बॅटरी ठीक, सेलवरचे व्होल्टेजही ठीक. ८.२ मेगओहमच्या दोन टोकांमध्ये बोर्डावर ओल धरली होती, समांतर गळतीने प्रवाह तीस टक्के वाढला. अशा सेलमधून पत्र्यांऐवजी झिपऱ्या सुया आल्या. रोध बोर्डावरून उचलून हवेत टेफ्लॉनच्या खुंट्यांवर सोल्डर केले, डब्यात सिलिका जेल. आता १०.१.

सेल ६ आणि ७ याच मांडणीवर लावल्या. ईटी ८ मिग्रॅ प्रत्येकी, प्रवाह ०.८ मायक्रोअँपिअर, रोध १० मेगओहम. २७ तारखेला उघडायच्या.